इल्मारीचा पसारा

फिनलंडमधल्या औलू शहरातल्या इल्मारीच्या प्रयोगशाळेत गंजकी लोखंडी कपाटं, मोडक्या सायकली आणि कुणाची तरी बर्फगाडी पडलेली असे. त्याच खोलीत बिनतारी लहरी कशा उसळतात हे मोजून मोजून त्याने अनेक अँटेनांनी माहिती पाठवणाऱ्या यंत्रासाठी संख्याशास्त्रीय मॉडेल बसवलं होतं. उद्या अनुदान देणारे पाहुणे तेच बघायला येणार होते.

"हे भंगार आजच्या आज काढ," विभागप्रमुख रौहा म्हणाली.

"अगं, लहरी त्याच्यावर आपटूनच वेगवेगळ्या वाटांनी पोचतात. जितक्या वाटा, तितका वेग!"

"आळशीपणाला शास्त्राचा मुलामा देऊ नकोस, इल्मारी."

खोली लख्ख झाली. पाहुण्यांसमोर यंत्र सुरू केलं, तर माहिती पोचायचा वेग निम्म्यावर! पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. रौहाने त्यांना घाईघाईने कॉफी आणि वेलदोड्याच्या पावाकडे वळवलं, आणि जाता जाता इल्मारीला कोपरखळी मारून बाहेर काढलेल्या भंगाराकडे खुणावलं.

कॉफीनंतर वेग पहिल्यासारखा झाला. खूश झालेल्या एका पाहुण्याने वाटेतली मोडकी सायकल सरकवायला हात पुढे केला.



"अहो, हात नका लावू!" रौहा किंचाळली. "ते आमचं सगळ्यात नाजूक उपकरण आहे."