अट्ठासीच्या पुढे

"पैंतीस, छत्तीस, सैंतीस..."

"बस करा ना, अब्बा!" तौकीर मामूंनी दलियाचा चमचा परत वाटीत टाकला. "सकाळपासून गिनती, गिनती! हे घर आहे की बालवाडी?"

नाना थांबले नाहीत. झटका आल्यापासून त्यांची सगळी वाचा आत कुठेतरी कोंडली गेली होती. पाणी मागता येत नव्हतं, पोटच्या मुलाचं नाव घेता येत नव्हतं. बाहेर यायचे ते फक्त आकडे, आणि तेही एकपासून रांगेने निघाले तरच.

दाराशी बॅटरी-रिक्षा येऊन उभी होती. बरेलीला परतायची गाडी दुपारची. अम्मीने दुपट्ट्याने डोळे पुसले. "उरूज, जा, नानांना सलाम कर. ओळखणार नाहीत ते. पण कर."

"ओळखणार नाहीत म्हणजे?" उरूजने चपला भिरकावल्या आणि सरळ पलंगावर चढून बसली. "काय हो नाना? मी आले की अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायचात. 'माझी नवासी आली! माझ्या मुलीची मुलगी आली!' एकदा तरी नावाने हाक मारलीत का मला? आणि आता नुसते आकडे?"

नानांनी तिचं मनगट धरलं. घट्ट. "बहत्तर, तिहत्तर, चौहत्तर..."

रिक्षावाल्याने भोंगा वाजवला.

"सोडा तिला, अब्बा. गाडी चुकेल पोरीची." मामू एकेक बोट सोडवायला लागले. नानांच्या कपाळावर घाम आला. आकडे आता धावत, एकमेकांवर आदळत येऊ लागले. "पचासी, छियासी, सत्तासी, अट्ठासी, नवासी."

आणि ते थांबले. तिच्याकडे बघत.

"झालं! पुन्हा इथेच गाडं अडलं," मामू म्हणाले. "तुम्ही येण्याआधी धडाधड शंभरपर्यंत जायचे. परवा तुम्ही आलात आणि तेव्हापासून हे असं. नब्बे, अब्बा! पुढे नब्बे!"

नानांनी मान हलवली. नाही. डोळे काठोकाठ भरले. मग त्यांनी धाप लागलेल्या आवाजात पुन्हा सुरुवात केली. "एक... दो..."

"श्शू! मामू, गप्प बसा. अम्मी, तूही."

बाहेर भोंगा वाजत होता. उरूज अगदी नानांच्या कानाशी वाकली.

"एवढ्या लांबून कशाला चालत येता, नाना?" ती म्हणाली. "अट्ठासी..."

नानांचे ओठ थरथरले.

"नवासी."

"जी, नाना."