शुद्ध दुधाचं

"अगो, ह्येका बुरशी इली हा!" रत्नप्रभाबाईंनी सुरी उगारली. घाबरल्या की त्यांची मालवणी वर येई.

जयाने आईचा हात वरच्या वर धरला. "ती मुद्दाम घातलेली असते. खरवडू नकोस."

"मुद्दाम? पाहुण्यांसाठी?"

घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांतून कांदेपोह्यांची हकालपट्टी होऊन तिथे चीजची स्थापना झाली, यामागे जयाच्या वडिलांचा, रामनाथरावांचा युक्तिवाद होता. पाहायला येणारा मुलगा, चंदर, हॉलंडात तीन वर्षे काढून आलेला. त्याची आई पार्वतीबाई गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या, अंडेसुद्धा वर्ज्य. दोघांनाही एका दमात जिंकील असा पदार्थ एकच. "शुद्ध दुधाचं, आणि वर फॉरेनचं," असे म्हणून त्यांनी मेहुण्याला, विमानांचे जेवण रांधणाऱ्या सहारच्या मुदपाकखान्यातल्या लवूला, कामाला लावले. त्याने रुमालात गुंडाळून दोन तुकडे आणले: एक लाल मेणाच्या सालीचा, दुसरा निळ्या-हिरव्या शिरांचा. भरीला डब्यातले देशी चीज रत्नप्रभाबाईंनी शंकरपाळ्यांसारखे कापले. फळी म्हणून पोळपाट आला, मधोमध द्राक्षे, कडेने खारी बिस्किटे. वरून खोबरे-कोथिंबीर पेरण्यापासून त्यांना महत्प्रयासाने परावृत्त करण्यात आले.

जयाच्या घरी चाळलेल्या एका इंग्रजी मासिकाचा आदेश होता, की चीज आधीच बाहेर काढून ठेवावे आणि त्याची देखणी बाजू पाहुण्यांकडे करावी. मुलीच्या बाबतीत हे शास्त्र या समाजाला कोणत्याही मासिकाशिवाय अवगत होते. जयाला दुपारीच रेशमी साडी नेसवून ठेवले होते, आणि गालावरचा डाग भिंतीकडे जाईल अशा बेताने तिची खुर्ची लावली होती. ती मुलुंडच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजंतूंवर काम करी. मुलाच्या घरून, कांदिवलीहून आलेल्या निरोपात अट एकच होती: लग्नानंतर नोकरी सोडावी. जयाला ती सोडायची नव्हती. तिने हे घरात अनेकदा सांगितले होते, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी चहा टाकायला उठले होते.

पाहुणे आले, बसले. पार्वतीबाईंनी लाल सालीची फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "काय मऊ आहे हो!"

मुलगी पाहायला आलेल्यांपुढे जे जे ठेवले जाते ते ते मुलीनेच केलेले असते; हलवायाच्या खोक्यातली बर्फीसुद्धा. रत्नप्रभाबाईंच्या तोंडून ते वाक्य श्वासासारखे बाहेर पडले.

"सगळं जयानेच केलंय हो. घरी."

चंदरचे चावणे थांबले.

या रिवाजाचा उत्तरार्ध असा, की ऐकणाऱ्या बाईने कृती विचारायची असते. पार्वतीबाई रिवाज मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. "मग सांग ना गं कशी करायची. आमच्या चंदरने तीन वर्षं ह्याच्यावर काढली. परमुलखात राहून मांसाला शिवला नाही. नुसता पाव आणि चीज!"

जयाने चंदरकडे पाहिले. असल्या विलायती चीजसाठी दूध घट्ट करतात ते कापलेल्या कोवळ्या वासराच्या जठराच्या अस्तरातून काढलेल्या अर्काने, हे ती पाठ्यपुस्तकात शिकली होती. चंदर ते हॉलंडात शिकला होता. त्याच्या चेहऱ्यावर ते आता छापल्यासारखे वाचता येत होते.

"कृती सोपी आहे," जया म्हणाली. "दूध कोमट करायचं. मग त्यात घालायचं..."

"विरजण!"

"विरजण नाही. वासरू असतं ना, दूधपितं..."

"कळलं! म्हणजे चिकाचं करतात. खरवसासारखं!" पार्वतीबाई खुलल्या.

"आई, कृती राहू दे," चंदर म्हणाला.

"का रे? शिकते की. तुला घरी करून घालीन."

"घरी नाही जमत ते."

"हिला बरं जमलं!" त्या जयाकडे वळल्या. "हां, सांग. वासराचं काय?"

जयाने तोंड उघडले. चंदर खुर्चीच्या कडेवर सरकला. "तुम्ही प्रयोगशाळेत असता ना? ती नोकरी... ती सोडायचं काही कारण नाही."

रामनाथरावांचा कप ओठांशी थांबला.

"अरे, नोकरी नको म्हणून तूच तर..." पार्वतीबाई म्हणाल्या.

"मी विचार केला."

"कधी?"

"आत्ता."

जयाने पार्वतीबाईंच्या बशीतली उरलेली लाल सालीची फोड हलकेच उचलून चंदरच्या बशीत ठेवली, आणि त्यांच्यापुढे द्राक्षे सरकवली. मग खुर्ची उजेडाकडे वळवून ती प्रथमच पाठ टेकून बसली.

"मलाही यांना थोडं विचारायचंय. विचारू?"

"विचारा," चंदर म्हणाला. ते कुणाला ऐकू गेले नाही.

पार्वतीबाईंनी एक द्राक्ष तोंडात टाकले आणि समाधानाने रत्नप्रभाबाईंच्या कानाशी वाकल्या.

"गरीब आहे हो मुलगी. परवानगी घेतल्याशिवाय बोलत नाही."