पाहुण्यांचे कप

नामवंत डिझायनर एडिथ मार्लोच्या जन्मशताब्दीसाठी म्युझियम लोकांकडून तिने डिझाइन केलेले चहाचे कप मागवत होतं. शैलजाताई शोकेसमधला सेट घेऊन गेल्या. "इतक्या वर्षांत एकाचाही टवका उडाला नाही," त्या अभिमानाने म्हणाल्या.

तिथल्या मुलीने कप आतून-बाहेरून पाहिले आणि हळूच खोक्यात परत ठेवले. "सॉरी, आम्ही फक्त रोजच्या वापरातले घेतोय. एडिथ म्हणायची, चहाचा डाग पडल्याशिवाय माझा कप पुरा होत नाही."

घरी येऊन शैलजाताईंनी त्यातल्याच दोन कपांत चहा गाळला. टेबलावर ते कप दिसताच हेमंतराव उठून आत गेले आणि घरातला शर्ट बदलून, केस विंचरून बाहेर येत त्यांनी विचारलं,

"कोण येणार आहे?"