चार बोटांचा छेद

तिसऱ्या ठोक्याला वाटी पुन्हा तिरकी बसली.

"आता हाडालाच बोल लावा," मिस्त्री म्हणाले.

टेबलावर प्लॅस्टिकचा खुबा होता, त्यावर रबराची जाड कातडी आणि कातडीत चार बोटं रुंदीची चीर. त्या चिरेतून धातूची वाटी आत न्यायची आणि खुब्याच्या खळग्यात नेमक्या कोनात ठोकून बसवायची. सरळ दांड्याच्या हत्याराला कातडीची कड आडवी यायची. दांडा वाकवला की कड सुटायची, पण हातोडीचा जोर भलतीकडे जायचा. म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात.

हत्यार घडवणाऱ्याने चार बोटांचा हट्ट धरला होता. पाच करा, सहा करा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. तो ऐकेना. म्हणून कारखान्यात त्याला सगळे 'चारबोटे' म्हणत. नव्याने आलेल्यांना ते त्याचं आडनावच वाटे.

हट्टाला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांचा खुब्याचा सांधा बदलला, तो वीतभर चिरून. सांधा छान बसला. जखम मात्र चिघळली आणि वडील अंथरुणावरून उठलेच नाहीत. पुढच्याच वर्षी आईचा डावा पाय दुखायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रे काढून तेच ऑपरेशन सांगितलं. तेव्हा त्याने आईचा हात धरला.

"तुला मी तसं चिरू देणार नाही. त्यासाठी हत्यार मीच करतो. तोवर थांबशील?"

"थांबेन की," आई म्हणाली. "मला कुठे शर्यतीत पळायचंय?"

हे काम शिकायला तो मध्ये आठ महिने परदेशी राहून आला. तेवढे दिवस मावशी आईच्या सोबतीला येऊन राहिली. परतला तेव्हा आईच्या हातात काठी होती. ती आता उंच खुर्चीवरच बसे. पायावर पाय टाकत नसे. खाली पडलेला चमचा उचलायला वाकत नसे आणि झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घेई.

"फार दुखतं का गं?"

"पूर्वीइतकं नाही रे."

आयांचं हे बोलणं कोण खरं मानतो? त्यानेही मानलं नाही. मावशीने निघताना "तिच्या पायाची काळजी सोड आता" असं बजावलं, तेही त्याने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. दुसऱ्या दिवसापासून तो कारखान्यात दोन तास जास्त थांबू लागला.

गेल्या वर्षी मात्र त्याचा धीर सुटला होता. एकोणिसावा नमुनाही भंगारात गेला होता. दाराच्या बिजागऱ्या करणाऱ्या एका कंपनीकडून बोलावणं आलं होतं. काम सोपं, डोक्याला ताप नाही. जेवताना त्याने आईला सांगितलं.

"जा की," आई म्हणाली. "बिजागऱ्याही लागतातच लोकांना."

मग ती काठी टेकत उठली. स्वयंपाकघरापर्यंतची दहा पावलं तिने इतक्या सावकाश टाकली, की त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. दाराशी ती वळली.

"तुझ्या बाबांसारखे अजून कितीतरी जण त्या टेबलावर जातील, नाही का रे?"

कंपनीचं पत्र त्याने तिथेच फाडलं.

आणि आता हा बाविसावा नमुनाही हट्टाला पेटला होता. मिस्त्रींनी दांडा हातात घेऊन इकडून तिकडून पाहिला.

"एकदा वाकवलात ना? आता उलटा परत वाकवा. भटकून आलेला माणूस शेवटी घरी येतो तसा. ठोका मारायची जागा वाटीच्या सरळ रेषेत आली पाहिजे. मधे दांडा कुठे का फिरेना!"

तसं केलं आणि दुसऱ्याच ठोक्याला वाटी बसली. कोन मोजला. नेमका. मिस्त्रींनी खुशीत टेबलावर असा हात मारला, की प्लॅस्टिकचा खुबा खाली पडला.

चाचण्या आणि मंजुऱ्या यांत दोन वर्षं गेली. मग मोठ्या इस्पितळातल्या सर्जनबाईंनी ते हत्यार हातात घेतलं. चाळीस रुग्ण झाले. एकाचीही जखम चिघळली नाही. तिसऱ्या दिवशी माणसं आपल्या पायांनी घरी जात होती. चारबोटेला वाटलं, बाबा आणखी थोडे थांबते तर! त्या विचाराने तो दिवसभर हळवा झाला. मग त्याने आईसाठी तारीख मागितली.

"आधी बाकीच्यांचं होऊ दे," आई म्हणाली. "मी काय, घरचीच आहे."

"चाळीस झाले, आई. अजून किती थांबशील?"

"ऑपरेशनआधी एक्स-रे काढावाच लागतो का रे?"

"लागतोच. जुना फार वर्षांचा झाला."

आईने काठी जवळ ओढली. मग हसली. "बरं. चल."

इस्पितळात एक्स-रे काढून आई बाहेर बाकावर बसली. सर्जनबाईंनी त्याला आत बोलावलं. एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावलेला होता. त्याने एक नजर टाकली आणि त्याला हसू आलं.

"अदलाबदल झाली, बाई. हा दुसऱ्या कोणाचा तरी आहे. यात डाव्या खुब्याचा सांधा आधीच बदललेला आहे." तो जवळ गेला. "बसवलाय मात्र अगदी नेमका. ही वाटी जुन्या घडणीची आहे. मी परदेशातून परत आलो, त्याच वर्षी ती बंद झाली."

सर्जनबाईंनी चष्मा लावून कोपऱ्यातलं नाव वाचलं. मग जन्मतारीख हातातल्या कागदाशी ताडून पाहिली.

"तुमच्या आईचाच आहे," त्या म्हणाल्या.