घोकलेलं वय

सतराव्या शतकात जहाजभाड्याच्या बदल्यात राबायला व्हर्जिनियात उतरलेल्या ज्या नोकरांकडे करारपत्र नसे, त्यांनी किती वर्षं राबायचं ते न्यायाधीश वयावरून ठरवत. लहानांना घरकाम मिळतं, मोठे तंबाखूच्या शेतात पहिल्याच उन्हाळ्यात मरतात, असं अँब्रोजने जहाजावर ऐकलं होतं. म्हणून आपल्या किडकिडीत बहिणीकडून त्याने प्रवासभर एकच उत्तर घोकून घेतलं.

"वय?"

"बारा," एकोणीस वर्षांची टॅमसिन म्हणाली.

"एकोणीस पुरी झालेल्यांना पाच वर्षं. ही लहान आहे, हिला चोविसावं सरेपर्यंत," न्यायाधीशांनी कारकुनाला सांगितलं.

अँब्रोजने बोटांवर मोजलं. पाचाऐवजी बारा वर्षं. तो पुढे धावला. "साहेब, एकोणीसचीच आहे हो ती. देवाशपथ."

"निकाल ऐकला आणि पोर सात वर्षांनी वाढली," तिला विकत घेणारा मळेवाला म्हणाला. "आमचा मकासुद्धा इतका झपाट्याने वाढत नाही."

सगळे हसले. कारकुनाने पुढचं नाव पुकारलं. टॅमसिनने भावाची बाही ओढली.

"गप्प बस ना, दादा," ती कुजबुजली. "त्यांना खरं वाटलंय."