नवरीच्या मागे

"लिहून घे, टेप कर, काय हवं ते कर. पण पोरी, पाठही कर. मी गेल्यावर माझ्या नातीच्या लग्नात तिच्या मागे कोण उभं राहणार?" विद्यापीठासाठी नवरीची गाणी गोळा करायला नायजेरियातल्या इसेयिन गावी गेलेल्या मोजिसोलाला म्हाताऱ्या इया अयोका म्हणाल्या होत्या, आणि तिने "मी राहीन" म्हणून शब्द दिला होता. त्याच गाण्यांवर ती पुढे प्राध्यापक झाली.

वीस वर्षांनी, एका सोमवारी, म्हातारीची नात अवेरो मोजिसोलाच्या विभागात येऊन उभी राहिली. शनिवारी तिचं लग्न होतं. सासरी निघताना नवरीने आईबापांपुढे कुळाचं नाव घेत ही गाणी रडत म्हणायची असतात.

"बाई, तुम्ही दिलेली आजीची टेप ऐकून ऐकून शिकले. पण ऐन वेळी विसरले तर? गावात आता कुणालाच येत नाहीत हो."

त्याच शनिवारी मोजिसोलाला परदेशातल्या परिषदेत याच गाण्यांवर बोलायचं होतं. तिने विभागप्रमुखांना अवेरोच्या लग्नाचं सांगून परिषदेला जमणार नाही म्हणून कळवलं.

"अहो बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? तिथे मोठमोठी माणसं ऐकतील तुम्हाला. त्या अंगणात कोण ऐकणार?"

"कुणीच नाही, सर. ऐकू गेलं तर पोरीची फजिती होईल. ती अडली, तर पुढची ओळ फक्त तिच्या कानात सांगायचीय."

शुक्रवारचा तास संपवून ती इसेयिनच्या गाडीत जाऊन बसली.