हललेला फोटो

"बल्ब गेलेला नाहीये, बाई," वायरमन शिडीवरून म्हणाला. "दोन आटे सैल होता, बस्स." त्याने बल्ब पिळला आणि भर दुपारी जिन्यात लख्ख उजेड पडला.

खाली शिडी धरून दुर्बीण उभा होता. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या या माणसाला आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं. पण गच्चीवर दुर्बीण आणि कॅमेरा मांडून बसायला लागल्यापासून अख्खी इमारत त्याला दुर्बीणच म्हणायची. दारात खुर्ची टाकून शेजारच्या काकू बसल्या होत्या, समोर वॉकर. याच जिन्यात पडून खुब्याचं हाड मोडलं, त्याला आज तीन आठवडे झाले होते.

"सैल? आपोआप?" काकूंनी विचारलं. गणिताच्या बाई त्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी उत्तर आल्याशिवाय प्रश्न सोडायच्या नाहीत.

"आपोआप कसा होईल? बल्बला काय हात असतात?"

"जाऊ दे. याचे आभार मान तू," काकूंनी दुर्बीणकडे बोट दाखवलं. "मी गच्चीच्या लोखंडी जिन्यावरून पडले, आणि डोळे उघडले तर हा समोर. मधलं काही म्हणता काही आठवत नाही. देवासारखा धावून आला बघ."

तीन आठवडे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला त्या हेच सांगत होत्या, आणि दुर्बीण दर वेळी खाली मान घालून ऐकत होता. लोकांना तो विनय वाटायचा.

"पुण्य लागेल हो," असं म्हणून वायरमन शिडी खांद्यावर टाकून गेला.

तो गेल्यावर दुर्बीण म्हणाला, "काकू, बल्ब मी सैल केला होता."

"कशाला?" काकूंनी विचारलं.

"दर वेळी करतो. दारातून उजेड गच्चीवर येतो, फोटो धुरकट होतात. उतरताना परत पिळतो. त्या दिवशी तुमच्या धावपळीत राहिला."

"आणि नंतरचे तीन आठवडे?"

"परत लागला असता, तर सगळ्यांना कळलं असतं."

"गाढवा!" काकू म्हणाल्या, आणि चक्क हसल्या. "एवढं मनात धरून बसलास? अरे, मी तरी काय कमी आहे! गुडघे असले, एका हातात चहाचा थर्मास, आणि टॉर्च घरात. का, तर हा वर गारठून मरेल म्हणून! निम्मी चूक माझी. जा, मिटलं."

मिटलं म्हणे. दुर्बीणला हलकं वाटायला हवं होतं, ते राहिलं बाजूला. बल्बाचं पाप धाकटं होतं. थोरलं त्याच्या काखेतल्या पाकिटात होतं, आणि ते काकूंनीच मागवलं होतं. त्या रात्रीचा फोटो मला हवाच, माझं हाड गेलंय त्यात, असा हट्ट धरला होता त्यांनी.

त्यांनी पाकीट उघडलं. मृग नक्षत्रातला तेजोमेघ. गुलाबी धुरासारखा, मधोमध चार पांढरे ठिपके.

"अगं बाई! हे आपल्या गच्चीवरून? मला तर वर बघितलं की नुसता एक ठिपका दिसतो."

"एका फोटोत मलाही एवढं कुठे दिसतं? कॅमेरा साधाच आहे. तीन-तीन मिनिटांचे पुष्कळ फोटो घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. तोवर गच्चीवर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. दुर्बीण हादरते."

"माहितीये. पुतळ्यासारखा बसतोस, म्हणून तर चहा घेऊन निघाले." मग त्यांना एकदम गंमत सुचली. "अरे, मग मी आपटले तेव्हा हादरली असेल की! बिघडवला ना मी तुझा फोटो?"

नुसतं हो म्हणून हसता आलं असतं. काकूंनी वाट मोकळी करून दिली होती. दुर्बीणने वॉकरची दांडी घट्ट धरली.

"एक हलला," तो म्हणाला. "सगळे तारे वेडेवाकडे ओढल्यासारखे झाले. तो काढून टाकला."

"बरं केलंस."

"आवाज ऐकला होता मी, काकू. वाटलं, खाली कुणाचं तरी भांडं पडलं. उठून बघितलं असतं, तर पुढचाही हलला असता."

काकूंचं हसू तोंडावरच थांबलं. फोटो मांडीवर ठेवून त्यांनी चष्मा काढला. त्यानेच बनवून दिलेला. पदराने पुसला, परत घातला.

"मग खाली आलास कधी?"

"बॅटरी संपली तेव्हा. दुसरी घ्यायला."

"त्या हललेल्यानंतर किती फोटो निघाले?"

"तेरा."

"तेही यात आहेत?"

"आहेत. एकदम स्थिर आलेत."

जिन्यातला बल्ब उगाचच जळत होता. काकू फोटोकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. मग वर न बघताच, फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोराला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तेरा त्रिक?"

"एकोणचाळीस," दुर्बीण म्हणाला.